नुसता नारळ

परवा सकाळी चांदुराकडून यंदाच्या कापसाची पहिली गाडी आमच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. गाडीवान आमच्याच पुऱ्यातला, वस्तीतला तुळशीराम. डावा पाय जपून टेकवत तो खाली उतरला, बैल सोडले, आणि कापसाची एक मूठ काढून माझ्या हातावर ठेवली. धागा चांगला होता, थोडा दवाचा ओलावा होता. तो मी तिथल्या तिथे बोलून दाखवला.

"दव आभायातून पडलं, दिवाणजी," तुळशीराम म्हणाला. "म्या नाई शिंपलं."

मी हसलो, पण मन कापसात नव्हते. उन्हाने तापलेले गोणपाट आणि सरकीचा तेलकट वास एकत्र नाकात गेला, की मला कापूस आठवत नाही. आखाडा आठवतो. हळद, ताक आणि लिंबू घातलेली तांबडी माती आठवते, आणि तालमीच्या ओट्यावर बसून तावातावाने भांडणारी आम्ही माणसे आठवतात. तुळशीराम पुन्हा गाडीकडे चालला तेव्हा मी मान खाली घालून लिहीत बसलो. त्याचे चालणे मला बघवत नाही.

अमेरिकेत लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. तिकडे कोण कोणाशी कशासाठी लढतो, हे अमरावतीत कोणाला धड ठाऊक नव्हते. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमचा जाऊ लागला, एवढे मात्र पोराटोरांना ठाऊक होते. मुंबईहून भाव आला की बाजार एकदम उभा राहायचा. घरांच्या पडव्या, देवळांच्या धर्मशाळा, जिथे छप्पर दिसेल तिथे कापूस भरलेला. रस्त्याच्या कडेच्या निंबांना गाड्यांतून सुटलेल्या कापसाचे पेळू लटकलेले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. एका पाटलाने गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली असेही सगळे सांगतात. शेंब्या मी डोळ्यांनी पाहिल्या, चाक पाहिले नाही, म्हणून चाकाबद्दल मी काही म्हणत नाही.

त्या दिवसांत मी ज्या शेठजींकडे दिवाणजी होतो, तेच आमच्या तालमीचे आश्रयदाते. मारवाडातून त्यांचे वडील आले, हे इथेच जन्मले. मनाने दिलदार. जिंकलेल्या पोराला स्वतःच्या अंगावरची शाल काढून द्यायचे. पण हरलेल्या पोराकडे बघायचेही नाहीत.

आमच्या तालमीची आणि अकोल्याच्या एका तालमीची पिढीजात चुरस होती. दर साली संक्रांत झाली की कुस्त्यांची दंगल. एक साल आमच्याकडे, एक साल अकोल्याला. दोन्हीकडून अकरा जोड्या लागायच्या. अकोल्याला जायचे साल असले म्हणजे पुऱ्यातल्या गाड्या एकामागे एक निघायच्या. बडनेरा मागे पडले की दोन्ही हातांना वेचणीचा कापूस, पहाटेचे धुके, बैलांच्या तोंडाची वाफ, आणि पुढच्या गाडीतून मागच्या गाडीत ओरडून चाललेली भांडणे. पहिली जोडी कोणाची लावायची, कोणाला राखून ठेवायचे, गेल्या साली कोण कसा चीत झाला. मूर्तिजापूरच्या मुक्कामापर्यंत सगळे घसे बसलेले असायचे. येताना मात्र गाड्या मुक्या. माझ्या आठवणीत येतानाचा रस्ता नेहमी जास्त लांब आहे.

अकोला माझी सासुरवाडी. त्यामुळे माझे हरणे दुहेरी. मेव्हणा दंगलीनंतर मुद्दाम जेवायला नेऊन पानावर बसवायचा, आणि भाकरीवर लोणी घालता घालता विचारायचा, "घ्या भाऊजी, घ्या. तुमच्या पैलवानाइले बी पाठवू का थोडं? दमले असतीन बिचारे पाठीवर पडून पडून."

तालमीचे वस्ताद तेव्हा कोंडबा. कानांच्या पाळ्या मोडून पापडासारख्या झालेल्या, अंगाने सडपातळ, बोलणे अगदी कमी. मी लहान असल्यापासून मला तेच आखाड्यात दिसत आलेले. संध्याकाळी पोरे अंग धुवायला गेली की कोंडबा एकटे फावडे घेऊन माती पालथी करायचे. मग उकिडवे बसून बोटांनी चाळायचे. एखादा खडा लागला की तो धोतराच्या सोग्यात बांधायचे. त्यावर ताक शिंपायचे, ओंजळभर तेल, चिमूटभर हळद. ती माती हातात घेतली तर गार आणि मऊ लागायची, आणि मूठ उघडली की आपोआप सुटायची. आमची वऱ्हाडची काळी जमीन कापसाला सोने आहे, पण कुस्तीला विष. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. म्हणून आखाड्याची तांबडी माती एलिचपुराच्या पलीकडून, डोंगराच्या पायथ्याहून आणावी लागते. आणल्या आणल्या तीही कामाची नसते. ती मुरावी लागते. घाम, तूप, ताक आणि सालामागून सालं.

हे मी आज लिहितो आहे. तेव्हा आम्ही ओट्यावरची मंडळी मातीकडे पाठ करून बसत होतो. आमचे डोळे रस्त्याकडे आणि तोंडे एकमेकांकडे.

ओट्यावरचा मुख्य आवाज गणबा तेल्याचा. घाण्याचा धंदा, आवाज बैलाला हाकण्याचा. आखाड्याला तेल त्याच्याकडून जायचे, त्यामुळे तालमीवर आपला हक्क आहे असे त्याला वाटायचे.

"तेल माहं, मातीले पाजलं म्या," तो मांडीवर थाप मारून म्हणायचा, "आन् पाठ लागते कोणाची? आपल्याच पोराची! कोंडबा बुढा झाला. त्याचे डाव अकोल्याच्या कुत्र्याइले बी पाठ झाले."

"अरे, पण गेल्या साली चार जिंकलो होतो, यंदा पाच," मी म्हणायचो.

"आन् सहा हरलो ते? ते तुमी कोठी लिवता?"

"तेही धरले आहे. अकरातून पाच गेले की सहाच राहतात."

"दिवाणजी, तुमचा हिशेब सिदा आहे, पण त्यात जीव नाई!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. खरे सांगायचे तर भांडणातली ती मजा औरच होती. दिवसभर बाजारात माणूस जपून बोलतो, समोरच्याचा अंदाज घेतो. ओट्यावर आले की प्रत्येक जण वस्तादाचा वस्ताद. ज्याने जन्मात लंगोट कसला नाही तो धोबीपछाड कुठे चुकली ते उभा राहून करून दाखवायचा.

त्या वर्षी शेठजी ओट्यावर आले आणि उभ्यानेच बोलले, "दोन साल में कापसाचा भाव दुपटीच्या वर गेला. मंग आपल्या कुस्त्या काहून नाही वाढून राहिल्या? चार के पाच, बस!"

त्यांच्या बोलण्यावर कोणी हसले नाही. आज हसू येते, तेव्हा ते फार रास्त वाटले होते. सगळेच वाढत होते. गाड्या, माड्या, लग्नांतल्या पंगती. मग आमची तालीमच तेवढी का सावकाश चालावी?

इथे आमच्या पुऱ्याची रीत सांगायला हवी. गुढीपाडव्याला आखाड्याची पूजा होते. त्या दिवशी आश्रयदाता वस्तादाच्या डोक्याला फेटा बांधतो आणि हातात नारळ देतो. फेटा आणि नारळ मिळाला म्हणजे येत्या सालीही तालीम त्याची. नुसता नारळ दिला, फेटा बांधला नाही, म्हणजे काय ते त्याने समजून घ्यायचे. तोंडाने कोणी काही बोलत नाही. रीत सभ्य आहे. तिचे दुसरे अंग असे, की नवा वस्ताद आला की तो आधीच्याची माती काढून टाकतो आणि आपली माती घालतो. दुसऱ्याच्या मातीत आपले चेले लोळवायचे नाहीत, असा वस्तादांचा मान. जुन्या माणसांनी ही रीत घातली तेव्हा वस्ताद मरेपर्यंत बदलत नसे. एका वस्तादाला एक माती, जन्मभर. तेव्हा ती रीत कोणाला बाधली नाही.

कोंडबांना त्या पाडव्याला नुसता नारळ मिळाला. निंबाला नवी पालवी होती, प्रसादाच्या गुळाला माश्या बसत होत्या. कोंडबांनी नारळाकडे पाहिले, शेठजींच्या रिकाम्या दुसऱ्या हाताकडे पाहिले. मग आखाड्याच्या दगडावर नारळ फोडला आणि सगळ्या पोरांना खोबरे वाटले. तुळशीराम त्यांचा सर्वांत आवडता. त्याने खोबरे हातात धरून ठेवले, खाल्ले नाही. "खाय बे," कोंडबा म्हणाले. "नारय गोड आहे." आणि धोतर झटकून ते बडनेऱ्याजवळच्या आपल्या खेड्याला निघून गेले.

एका कुस्तीचा फरक होता. पाचाच्या जागी सहा झाल्या असत्या तर आम्हीच त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले असते. हा हिशेब मी त्या वेळी केला नव्हता.

नवे वस्ताद हैदराबादेकडून आले. त्यांना सगळे खाँसाहेब म्हणायचे. माणूस खरा गुणी. असे डाव त्यांनी दाखवले की ओट्यावरची मंडळी पहिल्यांदा गप्प बसली. शेठजींनी तुपाचे बुधले आणून आखाड्यात ओतले. नवी माती लोण्यासारखी दिसू लागली. पुऱ्यात दिवाळी. पण त्या संक्रांतीला आम्ही तीनच कुस्त्या जिंकलो.

"डाव शिकवतो, जिगर नाई शिकवत," गणबा म्हणाला. पाडव्याला खाँसाहेबांना नुसता नारळ.

मग मथुरेकडचे एक पंडितजी. आणखी नवी माती, आणखी तूप. पंडितजी जिगर शिकवायचे, पहाटे पोरांकडून हजार जोर काढायचे. हजार हा आकडा ओट्यावरचा. मी मोजले नाहीत, पण कमी नसावेत. त्या थंडीत सरावाला लागलेल्या तुळशीरामला एका पोराने उचलून टाकले. नेहमीचाच पटाचा डाव, नेहमीचेच पडणे. माती वरून बोटभर मऊ होती, खाली ढेकूळ. गुडघ्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. मला तो आवाज सांगता येत नाही. कापसाचे वाळलेले पऱ्हाट पायाखाली मोडावे तसा.

गुडघा धरून आडवा पडल्या पडल्या तुळशीराम बाजूची माती मुठीत घेऊन पाहत राहिला. ती सुटत नव्हती, मुठीत तशीच गोळा होऊन राहत होती.

आणि आम्ही? आम्ही त्या संध्याकाळी पंडितजींवर बोललो. खुराक चुकीचा, जोर जास्त, तुळशीरामला दृष्ट लागली. माझ्या बायकोने भाजी चिरता चिरता सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या पोराच्या घरी कोणी गेलं का तुमच्यातलं?" कोणी गेले नव्हते. मी उठून गेलो. त्याची आई दारातच बसली होती. मला बघून पदर सावरत म्हणाली, "या दिवाणजी. थो पडला तवापासून एकच इचारून राह्यला, वस्तादाले सांगतलं का म्हणून." वस्ताद म्हणजे तिच्या लेखी अजून कोंडबाच.

दंगलीत त्या साली दोन कुस्त्या हाती आल्या. नऊ गेल्या. मेव्हण्याने जेवताना थट्टासुद्धा केली नाही, तेव्हा मला कळले की आमची दशा कुठवर आली. पाने उचलल्यावर मी त्याला विचारले, "तुमच्या वस्तादांत आहे तरी काय?"

"काय असनार? तुमी जिंकत होते तवा आमी बी त्याले शिव्या देत होतो," तो म्हणाला. "दर पाडव्याले वाटे, नुसता नारय देऊन मोकळं करा लेकाच्याले. पण दुसरा आनाले पैसा कोठी? आमचा पुरा कोष्ट्याइचा. कापूस महागला तं तुमाले सोनं, आमाले सुत घेनं जड. म्हणून तोच वस्ताद, तीच माती. आमी गरीब होतो म्हणून शाने ठरलो, भाऊजी."

परतीच्या वाटेवर मी ते गाडीत सांगितले. मग गणबाच म्हणाला, "कोंडबाले परत आनू."

पाडव्याच्या आधी आम्ही तिघे गेलो. शेठजी, गणबा आणि मी. शेठजींनी जरीकाठी फेटा घेतला होता, या वेळी नारळ त्याच्या खाली. कोंडबा शेतातल्या माळ्यावर बसून गव्हाची राखण करीत होते. आम्हाला बघून खाली उतरले, घोंगडी पसरली, पाणी दिले. त्यांनी पहिली चौकशी तुळशीरामच्या गुडघ्याची केली. कुठल्या बाजूने मोडला, सूज किती दिवस होती, मांडी घालून बसतो का. गणबाने सगळे सांगितले. मग शेठजींनी फेटा पुढे केला.

"वस्ताद, चूक झाली. तालीम तुमची आहे."

कोंडबांनी फेट्याला हात लावला नाही. "माही माती कोठी टाकली?"

शेठजींनी गणबाकडे पाहिले, गणबाने माझ्याकडे. उत्तर मलाच ठाऊक होते, कारण मजूर मीच लावले होते. त्या साली शेठजींची नवी वखार बांधून होत होती. काळ्या जमिनीला भेगा पडतात, कापसात उंदीर शिरतात. तांबडी, चाळलेली, बिनखड्याची माती आयती मिळाली. ती वखारीच्या जमिनीत भरून चोपली.

मी ते सांगितले.

कोंडबांनी समोरच्या पऱ्हाट्यांकडे पाहिले. कापूस वेचून झालेला, रिकामी बोंडे वाऱ्यावर वाजत होती. "बावीस सालं मुरवली होती ते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता मले तेवढी कोठी आहेत?" आणि मग शेठजींना, समजावल्यासारखे, "माह्या अंगात काई नव्हतं, शेठजी. त्या मातीत पोरगं पडलं तरी उठत होतं. पुन्हा पडाले भेत नव्हतं. मंग डाव येतोच."

फेटा आम्ही तसाच परत आणला.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. लढाई संपली, भाव कोसळला. ज्यांनी चढत्या भावात माल धरून ठेवला होता ते झोपले. शेठजी दुकान मिटवून मुलाकडे राहायला गेले, मी दुसऱ्या दुकानात लागलो. पंडितजी आपल्या देशी गेले, त्यांना नारळ द्यायलाही कोणी नव्हते. आखाड्यात कोणी उतरेना. गेल्या पावसाळ्यात तिथे तरोट्याचे रान माजले होते, आणि मधोमध एक पऱ्हाटीचे झाड. कोणाच्या गोणीतली सरकी सांडली असेल. त्याला तीन बोंडे धरली होती. अकोल्याची तालीम मात्र चालू आहे. तिला आता आमच्याऐवजी दुसऱ्या गावची जोड लागते.

ओटा सुटला नाही. संध्याकाळी मी आणि गणबा अजून तिथे बसतो. वस्ताद नाही, पैलवान नाहीत, तरी आमचे भांडण आहेच. खाँसाहेबांना आणखी एक साल दिले असते तर. पंडितजींनी तुळशीरामला दुसऱ्या दिवशी उतरवले असते तर. परवा तुळशीरामची गाडी येऊन गेली त्या संध्याकाळी मात्र गणबा निंबाची काडी चावत बसला. मग एकदम उठला.

"वखार रिकामीच आहे ना, दिवाणजी?"

"रिकामी आहे."

"मंग माती तं तेथीच आहे."

काल सकाळी आम्ही कुदळ घेऊन गेलो. वखारीचे छप्पर अर्धे उतरले आहे. आत कोपऱ्यांत जुना कापूस काळा पडून चिकटलेला. गणबाने जमिनीवर कुदळ घातली ती ठण्ण करून परत आली. माणसांनी दोन हंगाम गठाणी लोटून ती जमीन दगड करून टाकली होती. पुष्कळ झटल्यावर एक ढेकूळ निघाले, नारळाएवढे. गणबाने ते नाकाशी धरले, मग माझ्या. मला कसलाच वास आला नाही. गणबा म्हणाला, हळदीचा येतो आहे. मी वाद घातला नाही.

ते ढेकूळ धोतराच्या सोग्यात बांधून आम्ही कोंडबांकडे गेलो. ते आता शेतावर जात नाहीत, अंगणातच बसून असतात. डोळ्यांनी कमी दिसते. गणबाने ढेकूळ त्यांच्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाला, "वस्ताद, तुमची माती."

त्यांनी ते अंगठ्याने दाबून फोडले. एक तुकडा जिभेच्या टोकाला लावला, थुंकला. "चुना मिसयला याच्यात," ते म्हणाले. "आंग जयन पोराइचं." चुना उंदरांसाठी घातला होता, तोही मीच आणवला होता. पण त्यांनी विचारले नाही. हात टेकत उठले, भिंतीच्या आधाराने तुळशीपाशी गेले, आणि ती माती तिथे कुस्करून घातली. अगदी शेवटचा चुरा तळहातावरून झटकेपर्यंत. एक खडा निघाला तो त्यांनी सवयीने सोग्यात बांधला.

निघताना त्यांनी विचारले, "यंदा वस्ताद कोण तालमीत?"

गणबा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "कोनीच नाई."

कोंडबांनी मान हलवली. कमी दिसणारे डोळे आमच्या दोघांच्या मधे कुठेतरी रोखून म्हणाले, "मंग पाडव्याले नारय कोनाले देता रे?"